पाकीट हुंगू नका!

आवक-जावकच्या टेबलावर जो माणूस बसतो ना, त्याच्याकडं दोन गोष्टी आपोआप जमतात. टाचण्या आणि किस्से! रिटायर होताना टाचण्या मी स्टोअरला परत केल्या. किस्से कुणी मागितलेच नाहीत. ते घरी आले माझ्याबरोबर, आणि चहा ठेवला की एकेक बाहेर पडतात.

आमचा कारखाना सहकारी, साखरेचा, माजलगाव धरणाच्या खालच्या अंगाला. टपालाच्या खोलीत आम्ही तिघं. मी, शिपाई रुस्तुममामा, आणि आमचे ऑफिस सुपरिंटेंडंट पाठकसाहेब. मामा गडी उंचापुरा, आवाज भोंग्यासारखा. पाठकसाहेब बारीक, नीटनेटके, खिशात कायम इस्त्रीचा रुमाल. रुमालानं दाराची कडी धरणारा माणूस मी आयुष्यात तो एकच पाहिला.

त्या दिवसांत परदेशात कुणीतरी टपालातून रोगाची पावडर पाठवली होती. टीव्हीवर रोज तेच. आता कुठं परदेश, कुठं आम्ही! पण वरून परिपत्रक निघालं, आणि पाठकसाहेब बीडला एका दिवसाच्या ट्रेनिंगला जाऊन आले. आले ते वेगळेच माणूस होऊन आले!

*

दुसऱ्याच दिवशी साहेबांनी आम्हाला समोर बसवलं. "अनोळखी पाकीट आलं, पावडर सांडली, डाग दिसला, तर हलवायचं नाही. हुंगायचं नाही. खाली ठेवायचं, झाकायचं, बाहेर यायचं, दार लावायचं, साबणानं हात धुवायचे आणि मला सांगायचं."

मामा म्हणाले, "तुमाला सांगायला हात कशाला धुवायचे?"

साहेबांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. प्रात्यक्षिकासाठी त्यांनी घरून एक पाकीट आणलं होतं, आत टाल्कम पावडर. "समजा, पाकीट चुकून असं फुटलं..." असं म्हणून त्यांनी कोपरा फाडला. वर पंखा पाचवर.

पुढचं सांगायला नको. टेबल पांढरं, फायली पांढऱ्या, मी पांढरी. खोलीत बाळंतिणीच्या खोलीसारखा वास! साहेबांच्या तर मिशासुद्धा दिसेनात.

मामांनी डोळे पुसले आणि अगदी आदबीनं विचारलं, "साहेब, पहिला नियम कोनता म्हनलात?"

पांढऱ्या भुवयांखालून साहेब म्हणाले, "पहिला नियम सांगायचा राहिला. पंखा बंद करणे!"

*

खरं पाकीट आलं ते पुढच्याच महिन्यात. पाठवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. नुसतं 'साखर कारखाना' आणि खाली तपकिरी भुकटी गळतेय. आमचे पोस्टमन गफूरभाई, त्यांनी ते सायकलच्या पिशवीतून काढलं आणि म्हणाले, "बाई, यानं माझी सगळी टपालं खराब केली बघा."

मी ठेवलं खाली. पंखा बंद! मामांनी बादली उपडी घातली. सगळे बाहेर, दार बंद. इथपर्यंत सगळं ट्रेनिंगप्रमाणं. साहेब खूश झाले. "आता हात धुवा!"

मामांनी नळ सोडला. नळातून नुसती हवा आली.

दुष्काळाचं पहिलं वर्ष होतं ते. धरणात पाणी नाही, टँकर चार दिवसांतून एकदा. आम्ही तिघं हात अंगापासून लांब धरून व्हरांड्यात उभे. येणारा-जाणारा विचारी, "मेंदी काढली का?" शेवटी मीटिंगसाठी आणलेल्या बाटलीबंद पाण्यानं हात धुतले, आणि संचालक मंडळाची मीटिंग त्या दिवशी कोरडी झाली.

तालुक्याहून आरोग्य खात्याचा माणूस यायचा होता. तो यायच्या आधी दिंद्रुडचे एक म्हातारबाबा आले. डोक्याला पटका, हातात काठी. "माती पाठवलती तपासायला. पोचली का?"

साहेबांनी शेजारच्या खोलीच्या खिडकीतूनच विचारलं, "त्या पाकिटात माती आहे? तुमची? नक्की?"

"माज्याच रानाची. पोराला म्हनलं नाव टाक, त्यानं तुमचंच टाकलं."

साहेबांनी तरीही घाई केली नाही. खात्याचा माणूस आला, त्यानं हातमोजे घालून बघितलं, बाबांना चार प्रश्न विचारले, मगच बादली हलली. साहेबांनी बाहेर येऊन सांगितलं, "बाबा, काळजी नको. मातीत धोकादायक असं काही नाही."

म्हातारबाबा म्हणाले, "धोक्याचं न्हाई ते ठीक हाय. कामाचं काई हाय का?"

*

शेतकी खात्याचा एक किस्सा त्याच्या आधीचा, रानात ऊस होता तेव्हाचा. खोडकिड्याचा बंदोबस्त करायला ते लोक मित्रकीटकांची अंडी मागवत. कागदाच्या कार्डावर चिकटवलेली, खसखशीएवढी. तुकडे करून उसाच्या पानाला टाचायचे, त्यातून बारीक माश्या निघतात आणि किडीचा बंदोबस्त करतात.

ते पार्सल आलं नेमकं शेतकी अधिकारी रजेवर असताना. वर लाल अक्षरात 'जिवंत जैविक साहित्य'. बीडचं ट्रेनिंग अजून व्हायचं होतं, पण पाठकसाहेबांना भीती उपजतच! 'जैविक' वाचल्याबरोबर त्यांनी ते रुमालानं उचललं, स्वतःच्या लोखंडी कपाटात ठेवलं आणि किल्ली जानव्याला बांधली.

मराठवाड्यातला उन्हाळा आणि लोखंडी कपाट! उबदार जागा मिळाली, पोरं वेळेआधीच जन्मली. साहेबांनी तिसऱ्या दिवशी रजेच्या फायली काढायला कपाट उघडलं आणि आतून धूर निघावा तशा बारीक बारीक माश्या निघाल्या. साहेब खुर्चीवर चढले. "रुस्तुम! पळ! चावतील!"

इतक्यात शेतकी अधिकारी आलेच. कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो साहेब, त्या माणसाला ओळखतसुद्धा नाहीत. त्या फक्त दुसऱ्याची अंडी शोधतात आणि त्यात आपली अंडी घालतात!"

साहेब हळूहळू खाली उतरले. मामा मात्र दाराकडं पळाले.

"आता तुम्ही कुठं चाललात?" मी विचारलं.

"कँटीनला सांगून येतो. आमलेट झाकून ठेव म्हनाव!"

*

संचालक मंडळाची निवडणूक लागली की टपालाला वेगळाच रंग चढायचा. एकदा चेअरमनसाहेबांच्या नावानं पार्सल आलं. खोक्याचं झाकण वाटेतच सुटलेलं. आत लिंबू, त्याला टाचण्या, काळी बाहुली, हळदकुंकू.

पाठकसाहेब म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. रुस्तुम, हातमोजे घाल आणि पिशवीत भर."

भोंग्यासारखा आवाज एकदम शिट्टीसारखा झाला. "साहेब, पावडर असती तर उचलली असती. लिंबू न्हाई उचलनार! लेकराबाळांचा मानूस हाय मी."

"अरे, शिकलेल्या ऑफिसात बसतोस!"

"मग शिकलेल्यांनी उचला."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी रजिस्टरमध्ये बघितलं. खरं सांगायचं तर तिघंही त्या लिंबाला भीत होतो, फक्त मामा कबूल करत होते.

गफूरभाई पावती घ्यायला थांबले होते. त्यांनी आमचे हातमोजे चढवले, खोकं पिशवीत भरलं, पिशवीला गाठ मारली आणि हात धुवायला गेले. परत आल्यावर मामांनी त्यांच्याकडं असं बघितलं, जणू माणूस आता संध्याकाळ काढत नाही.

"गफूरभाई, भ्या न्हाई वाटलं?"

गफूरभाई सायकलला टांग मारत म्हणाले, "मामा, जादू पत्त्यावर लागते. पोस्टमनला लागली असती तर आमचं खातं कवाच बंद पडलं असतं!"

*

सगळेच किस्से आमच्या बाजूचे नाहीत बरं का.

एकदा खोक्यात नीट भुसा घालून बाटली आली. आत काळपट पाणी. बाटलीला चिठ्ठी, 'हे आमच्या विहिरीचं पाणी. कारखान्याची मळी ओढ्याला सोडता, ती विहिरीत उतरते. चेअरमननी पिऊन दाखवावं.'

पाठकसाहेबांनी बाटली बाजूला ठेवली, हात धुतले आणि फार विचार करून उत्तर लिहिलं. 'आपला नमुना मिळाला. सुरक्षेच्या नियमानुसार टपालातून आलेला पदार्थ चाखता येत नाही.'

आठवड्यात उलट टपाली कार्ड. दोनच ओळी. 'तुमचे नियम आमच्या गावात आले नाहीत. आम्ही रोज पितो.'

ते कार्ड मी स्वतः चेअरमनसाहेबांच्या पुढं ठेवलं. त्यांनी वाचलं. मग परत वाचलं. मग गाडी काढायला लावली आणि पाठकसाहेबांना म्हणाले, "चला, तुमी बी चला. तिथं कुनी पानी दिलं तर न्हाई म्हनायला नियमाचा मानूस पायजे."

गेले दोघं. तिथल्या माउलीनं पाहुणे म्हणून तांब्या पुढं केला, आणि दोघांनाही नाही म्हणता आलं नाही! परत आल्यावर दोन दिवस दोघंही घरीच होते. तिसऱ्या दिवशी त्या गावाला कारखान्याचा टँकर सुरू झाला आणि मळीच्या चारीचं काम निघालं.

*

दुष्काळाच्या तिसऱ्या वर्षी तर उसाचं टिपरू नव्हतं. गाळप बंद. जिथं बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या त्या मैदानावर कारखान्यानं जनावरांची छावणी काढली. माणसं जनावरांजवळच झोपायची. तिथं केजकडच्या एक गयाबाई होत्या. घरचं दुसरं कुणी नाही. एक गाय, हरणी, आणि तिची कालवड.

एका सकाळी हरणी उभी होती ती एकदम खाली बसली आणि गेली. नाकातून काळं रक्त. गयाबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या, पदरानं रक्त पुसत होत्या. भोवती माणसं जमली. कुणी म्हणालं, विष घातलं असंल, फाडून बघा!

जनावरांचे डॉक्टर तांदळे धावत आले, आणि गाय बघून जागच्या जागी थांबले. एरवी हसतमुख माणूस, तेव्हा ओरडलेच. "कुणी हात लावायचा नाही! फाडायची तर बिलकूल नाही!" त्यांना काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संशय होता. जनावर उघडलं तर तो रोग मातीत जातो आणि वर्षानुवर्षं तिथंच राहतो. छावणीत शेकड्यांनी जनावरं, आणि तितकीच माणसं.

त्यांनी हातमोजे घालून कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. काच डबीत, डबी पिशवीत, पिशवी पत्र्याच्या डब्यात. डबा माझ्या टेबलावर आला, कारण जावक नंबराशिवाय कारखान्यातून काही बाहेर जात नाही! पाठकसाहेबांनी त्याच्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं, 'उघडू नये'. तपासणीला घेऊन जायला कारखान्याची जीप निघाली, आणि मामा डबा सांभाळत बसले. पुढं ड्रायव्हर, मागं मामा, मध्ये डबा. ड्रायव्हर नंतर सांगत होता, आयुष्यात पहिल्यांदा मामा इतका वेळ गप्प होते.

खरी पंचाईत गयाबाईंची झाली. त्यांच्या बोटाला विळा लागलेला होता. डॉक्टर म्हणाले, "मावशी, आजच्या आज सरकारी दवाखान्यात. अॅडमिट व्हायचं."

"मी न्हाई जायची."

"अहो, जिवावर बेतेल!"

"बेतू द्या. एक गेली. ही कालवड कोन बघंल? ती माज्या हातचं सोडून कुनाचं खात न्हाई."

डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं. बाई हलेनात. दोरी हाताला गुंडाळून बसल्या. आणि मागून आवाज आला, "मी बघतो कालवड."

पाठकसाहेब! जो माणूस दाराच्या कडीला हात लावत नाही तो!

गयाबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमी? शेन काडाल?"

साहेबांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. "काढीन."

तेव्हा कुठं त्यांनी दोरी सोडली.

हरणीला खोल खड्डा काढून चुन्यात पुरलं. रिपोर्ट आला, काळपुळीच होती. सगळ्या छावणीला लस टोचली. दवाखान्यात गयाबाईंच्या बोटावर काळी खपली धरली होती, पण इंजेक्शनं वेळेवर सुरू झाली होती. आणि इकडं कालवडीला वेगळं बांधलेलं, डॉक्टरांची रोज नजर, आणि पाठकसाहेब सकाळ-संध्याकाळ छावणीत. पायात गमबूट, हातात मोजे, आणि नाकातोंडाला तो इस्त्रीचा रुमाल. पहिले दोन दिवस कालवडीनं तोंड फिरवलं. साहेब तिच्यापुढं कडबा धरून अर्धा अर्धा तास उभे. काहीतरी बोलायचे तिच्याशी. काय बोलायचे ते कळलं नाही, पण एकदा मी लांबून ऐकलं, साहेब तिला 'अहो' म्हणत होते!

तिसऱ्या दिवशी तिनं खाल्लं. साहेब ऑफिसात आले ते पहिला नंबर आलेल्या पोरासारखे!

गयाबाई बऱ्या होऊन आल्या. बोटावर फक्त वण राहिला होता. कालवडीनं त्यांना चाटलं, आणि मग साहेबांच्या मागं मागं चालायला लागली. गयाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "साहेब, आता तरी रुमाल काडा. तिला तुमचं तोंड दिसू द्या!"

साहेबांनी रुमाल काढला. कालवडीनं नीट निरखून बघितलं, आणि भिऊन चार पावलं मागं सरकली!

*

आता शेवटचा. हा सांगितल्याशिवाय आमच्याकडून कुणी उठत नाही.

पाऊस झाला, धरण भरलं, त्याच्यानंतरची गोष्ट. साहेबांची मुलगी नागपूरकडं दिलेली. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि आता दिवस गेले होते. डॉक्टरांनी तिला पडून राहायला सांगितलेलं. साहेब दिवसातून चारदा फोन लावायचे. आणि नेमकी पाइपलाइन खोदताना कुणीतरी टेलिफोनची केबल तोडली! फोन मुका. साहेबांचा डबा रोज तसाच परत जायला लागला.

अशात एक पार्सल आलं. खोक्याला चिकटपट्टी गुंडाळून गुंडाळून त्याचा नारळ केलेला. पाठवणाऱ्याचं नाव पावसानं धुऊन गेलेलं. कोपऱ्याला तेलाचा डाग. आणि त्याच कोपऱ्यातून पांढरी भुकटी गळतेय. वर 'श्री. पाठक यांनीच उघडावे.'

साहेबांनी लांबूनच बघितलं. तेव्हा ते एका चौकशीचे साक्षीदार होते, भंगारचोरीच्या. धमकीची दोन पत्रं आधी आलेली. साहेब एवढंच म्हणाले, "सगळे बाहेर व्हा."

पंखा, दार, बादली, साबण. सगळं झालं. पोलिसांना निरोप गेला. माजलगावहून एक हवालदार आले, बरोबर आरोग्य खात्याचा माणूस, तोंडाला पट्टी, हातात मोजे. आम्ही सगळे समोरच्या कडुलिंबाखाली. अर्धा कारखाना जमलेला. साहेब एकटेच जरा बाजूला उभे होते, पांढरेफटक. मी जवळ गेले तर म्हणाले, "ताई, मला काही झालं तर पोरीला एकदम सांगू नका."

बऱ्याच वेळानं आरोग्य खात्याचा माणूस दारात आला. तोंडावरची पट्टी खाली केलेली. "अहो, मिठाई आहे! वाटेत दबून चुरा झालाय. आत मिठाईवाल्याचं बिल आहे नागपूरचं आणि एक कार्ड, त्यावर नुसतं 'आपला जावई' एवढंच."

"नागपूरचं?" साहेब पुढं झाले.

मामा त्यांच्या आधी पोचले. खोक्यात वाकून बघितलं आणि भोंगा सुरू झाला, "साहेब! पेडे हायत! पोरगा झाला!"

मी मागून बघितलं. "मामा, पेढे कुठले? या तर बर्फीच्या वड्या. मुलगी झाली, साहेब!"

"ताई, हे बघा की, पेडा!"

"आणि ही काय आहे? बर्फी!"

आम्ही दोघं भांडायला लागलो. हवालदारांनी मान घातली खोक्यात, आणि हळूच म्हणाले, "दोन्ही हायत."

साहेब मटकन पायरीवर बसले. रुमाल काढला, पण डोळे पुसायचं त्यांना सुचेना, तो हातातच राहिला. मग एकदम हसायला लागले. असे हसले की मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मामांनी खोकं उचललं आणि कडुलिंबाखालच्या गर्दीत शिरले. पोरगा म्हणून पेढा, पोरगी म्हणून बर्फी, प्रत्येकाला दोन्ही!

हवालदार व्हरांड्यात पंचनामा लिहायला बसले. जागा, वेळ, साक्षीदार, सगळं लिहून झालं. मग पेन थांबलं. त्यांनी रिकाम्या खोक्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, तोंडातला घास गिळला आणि मोठ्यानं म्हणत शेवटची ओळ लिहिली,

"मुद्देमाल पंचांसमक्ष जागेवरच नष्ट करण्यात आला!"